गाणं संपल्यावरची बैठक

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

गाणं घेऊन गावोगाव हिंडायचं असेल तर सोबत लागते. एकानं सूर धरायचा, दुसऱ्यानं शब्द उचलायचा. एक थकला की दुसऱ्यानं ओढून न्यायचं. गुरू नानकांच्या शेजारी रबाब घेऊन भाई मरदाना असत. नानक हिंदू खत्री घरातले, मरदाना मुसलमान मिरासी घरातले, म्हणजे पिढीजात गाणारे-वाजवणारे. दोघंही एकाच तलवंडी गावचे. आपल्याकडे ज्ञानदेवांबरोबर नामदेव तीर्थयात्रेला निघाले आणि त्या प्रवासाची हकिगत 'तीर्थावळी'च्या अभंगांत राहिली. उरुसात रात्रभर बसून कव्वाली ऐकली असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, मुख्य कव्वालाला साथ देणाऱ्या मंडळींना 'हमनवा' म्हणतात. हमनवा म्हणजे ज्याचा आवाज आपल्या आवाजात मिसळला आहे असा. फारसीतून आलेला हा शब्द मला 'मित्र' या शब्दापेक्षाही जवळचा वाटतो. मित्राशी भांडण होऊ शकतं. हमनवाशी भांडण झालं तरी समेवर एकत्र यावंच लागतं.

आज ज्या दोन हमनवांची गोष्ट सांगायची आहे ते ना पंजाबातले, ना पंढरीच्या वाटेवरचे. ते अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातले. एकाचं नाव जिम सील्स, दुसऱ्याचं डॅश क्रॉफ्ट्स. १९७०च्या दशकात ज्यांच्या घरात इंग्रजी गाण्यांच्या तबकड्या होत्या, त्यांनी 'समर ब्रीझ' हे गाणं ऐकलं असेल. संध्याकाळी कामावरून घरी येणाऱ्या माणसाला वाटणारा निवांतपणा, एवढाच त्याचा विषय. गिटार, मँडोलिन आणि एकात एक गुंफलेले दोन आवाज. त्यात देवाचं नाव नाही, उपदेश नाही. पण हे गाणारे दोघं बहाई धर्माचे अनुयायी होते आणि मैफल संपल्यावर त्यांची दुसरी मैफल सुरू व्हायची. त्या दुसऱ्या मैफलीबद्दल मला बोलायचं आहे. कारण गाण्यातून काही सांगायचं असेल तर ते कसं सांगावं, कुठे थांबावं, आणि थांबलं नाही तर काय होतं, हा प्रश्न तुमच्या-माझ्या कीर्तन-कव्वालीलाही लागू आहे.

पण आधी या धर्माविषयी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे बहाई म्हटलं की दिल्लीचं कमळाच्या आकाराचं मंदिर डोळ्यांपुढे येतं आणि माहिती तिथेच संपते.

१८४४ साली इराणमधल्या शिराज शहरात एका तरुण व्यापाऱ्यानं जाहीर केलं की, नव्या युगाचं दार उघडलं आहे. लोक त्याला 'बाब' म्हणू लागले. बाब म्हणजे दार. १८५० साली तबरीझमध्ये त्याला गोळ्या घालून ठार मारण्यात आलं. त्याच्या अनुयायांपैकी एक उमराव घराण्यातले गृहस्थ पुढे बहाउल्ला या नावानं ओळखले गेले. इराणमधून हद्दपारी, मग बगदाद, इस्तंबूल, एडिर्ने आणि शेवटी १८६८ मध्ये अक्का इथल्या तुरुंगात रवानगी, असा त्यांचा प्रवास झाला. १८९२ साली अक्क्याजवळच त्यांचा अंत झाला. सर्व धर्मांचा उगम एकच, सारी माणसं एका कुटुंबातली, स्त्री-पुरुष समान, ही त्यांची मुख्य शिकवण. या धर्मात पुरोहित नाही, मुल्ला नाही, पाद्री नाही. एकोणीस दिवसांचा एक महिना, असे एकोणीस महिने. दर महिन्याला गावातले बहाई एकत्र जमतात. आधी प्रार्थना, मग कामकाजाची चर्चा, मग खाणंपिणं आणि गप्पा.

मी मुसलमान घरात वाढलो. त्यामुळे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हजरत मुहम्मद हे शेवटचे पैगंबर, हा इस्लामचा पायाभूत विश्वास आहे. त्यांच्यानंतर कोणी ईश्वरी संदेश आणल्याचा दावा केला तर मुसलमान तो मानत नाही. बहाईही आपला धर्म स्वतंत्र आहे असंच सांगतात. श्रद्धेच्या पातळीवर हा मतभेद खरा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण मतभेद असणं वेगळं आणि दुसऱ्याचं गाणं न ऐकणं वेगळं. या बाबतीत आमच्याकडे एक मोठं उदाहरण आहे. बाबच्या पहिल्या अनुयायांमध्ये कझवीनची एक कवयित्री होती, ताहिरा. कुर्रतुल ऐन हेही तिचंच नाव. १८४८ साली बदश्तच्या मेळाव्यात तिनं भर पुरुषांत चेहऱ्यावरचा पडदा दूर केला आणि १८५२ साली तेहरानमध्ये तिला मारण्यात आलं. अल्लामा इक्बालांना तिचा पंथ मान्य नव्हता. तरीही १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'जावेदनामा' या काव्यात त्यांनी हल्लाज आणि गालिब यांच्या जोडीला तिला बसवलं, तेही आकाशातल्या गुरूच्या कक्षेत. कवीला कवीनं ओळखलं. श्रद्धा आपापल्या जागी राहिल्या.

आता संगीताकडे वळू. संगीत चांगलं की वाईट, हा वाद आमच्याकडे शतकानुशतकं चालत आलेला आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांना गाण्याच्या मैफलींबद्दल, म्हणजे समाबद्दल, गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांपुढे जाब द्यावा लागला होता. त्यांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब दख्खनला आले. १३३७ साली ते वारले आणि खुलदाबादला त्यांची मजार आहे. समाच्या वेळी भान हरपून डोलण्याची त्यांची रीत इतकी निराळी होती की, तसं डोलणाऱ्यांना 'बुऱ्हानी' असं नाव पडलं. म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या मातीत हा वाद मुरलेला आहे.

बहाउल्लांनी अक्क्याच्या बंदिवासात, १८७३च्या सुमारास, आपला नियमग्रंथ लिहिला. 'किताब-ए-अकदस' हे त्याचं नाव. त्यात त्यांनी गाणं-बजावणं ऐकायला मोकळीक दिली आणि लगेच मर्यादाही घातली. संगीत हा आत्म्याला वर चढायचा जिना आहे, त्याला वासनेचं वाहन करू नका, मर्यादा सोडू नका, असा त्या सांगण्याचा आशय आहे. सूफी मंडळी ज्याबद्दल भांडत आली, त्याचा निकाल इथे चार ओळींत लागला. जिन्याची उपमा मला महत्त्वाची वाटते. जिना दोन्ही बाजूंना जातो. त्यावरून वर चढता येतं तसं खालीही उतरता येतं. आणि जिना हे काही राहायचं ठिकाण नव्हे.

आणखी एक नियम पाहा. बहाईंच्या उपासना मंदिरात वाद्य वाजत नाही. फक्त माणसाचा आवाज. पवित्र ग्रंथांतले उतारे वाचायचे किंवा गायचे, तेही बहाईंच्याच नव्हे, इतर धर्मांच्या ग्रंथांतलेही. प्रवचन नाही. आपलं मत सांगणारं भाषण नाही. शिकागोजवळच्या विल्मेटचं मंदिर १९५३ साली खुलं झालं, दिल्लीचं १९८६ साली. दोन्हीकडे नियम हाच. म्हणजे ज्या धर्मानं संगीताला जिना म्हटलं, त्यानं गाभाऱ्यात उपदेशाला आणि वाद्यांनाही थारा दिला नाही. मग गिटार, मँडोलिन, ढोलक, हार्मोनियम कुठे? ती राहिली घरातल्या बैठकीत, मेळाव्यात, रस्त्यावर, प्रवासात. गाणारे बहाई फिरस्ते झाले, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. पुरोहित नसला की सांगण्याचं काम शिंप्याला, शिक्षकाला, दुकानदाराला आणि गवयाला करावं लागतं.

या फिरस्त्यांची एक वाट मुंबईवरून जाते, हे आपण विसरतो. १८७०च्या दशकात बहाउल्लांनी जमाल एफेंदी नावाच्या अनुयायाला हिंदुस्थानात धाडलं. तो मुंबईला उतरला आणि देशभर फिरला. बाबच्या नातलगांचा व्यापार मुंबईत होता आणि बहाई ग्रंथांची सुरुवातीची छपाई मुंबईच्याच शिळाप्रेसवर झाली. यज्दकडून मुंबई-पुण्याला आलेल्या इराण्यांत बहाईही होते. इराणी हॉटेलच्या संगमरवरी टेबलावर ब्रून-मस्का खाणाऱ्या आपल्या लोकांनी गल्ल्यावरच्या माणसाचा धर्म कधी विचारला नाही. पाचगणीची न्यू एरा शाळा बहाईंनी १९४५ साली काढली. तेव्हा ही मंडळी आपल्याला परकी नाहीत.

आता टेक्सासला जाऊ. रखरखीत प्रदेश, तेलाच्या विहिरी, मैलोन्‌मैल सपाट जमीन. जिम सील्सचे वडील तेलाच्या कामावर होते आणि फावल्या वेळात गिटार वाजवत. पोरानं हातात व्हायोलिन घेतलं आणि वयाच्या नवव्या वर्षी राज्याच्या व्हायोलिन स्पर्धेत पहिला आला. त्यांच्याकडे त्या वादनाला फिडल म्हणतात, लग्नकार्यात आणि नाचात वाजतं ते. डॅश क्रॉफ्ट्स सिस्को गावचा. तो ड्रम वाजवायचा. दोघं शाळकरी वयात एका स्थानिक वाद्यवृंदात एकत्र आले आणि १९५८ मध्ये 'द चँप्स' या वाद्यवृंदात दाखल झाले. 'टकीला' नावाच्या धूनमुळे हा वाद्यवृंद त्याच वर्षी अमेरिकाभर गाजला होता. जिम सॅक्सोफोन वाजवायचा, डॅश ड्रम. सात वर्षं त्यांनी गावोगाव तीच धून वाजवली. ज्यानं पोटासाठी एकच लोकप्रिय गाणं वर्षानुवर्षं म्हटलं आहे, त्या कलावंताला या सात वर्षांचा अर्थ सांगावा लागणार नाही.

१९६५ मध्ये त्यांनी तो वाद्यवृंद सोडला. लॉस एंजलिसमध्ये नवा वाद्यवृंद काढला, नाव ठेवलं 'द डॉनब्रेकर्स'. बाबच्या काळातल्या हुतात्म्यांचा जो इतिहास बहाई वाचतात, त्याच्या इंग्रजी भाषांतराचं हे नाव. हे भाषांतर १९३२ साली निघालं होतं. त्यांच्या कामाची व्यवस्था पाहणाऱ्या मार्सिया डे या बाई बहाई होत्या. त्यांच्या घरी बहाई बैठका भरत, चर्चा चालत. अशा घरगुती बैठकीला अमेरिकन बहाई 'फायरसाइड' म्हणतात. शब्दशः शेकोटीची जागा. आपल्या भाषेत ओसरीवरची बैठक म्हणा. तिथे बसून बसून साठच्या दशकाच्या शेवटी दोघंही बहाई झाले. डॅशनं मार्सियाबाईंच्या मुलीशीच लग्न केलं.

त्या काळची अमेरिका आठवा. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. तरुण पिढी घर सोडून कशाच्या तरी शोधात निघाली होती. कोणी ऋषिकेशला आलं, कोणी अफूच्या नशेत बुडालं. याच १९६८ साली जाझचा थोर ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी बहाई झाला. काळ्या माणसाला रस्त्यावर, हॉटेलात, बसमध्ये वेगळी जागा दाखवणाऱ्या देशात तो वाढला होता. सारी माणसं एका कुटुंबातली हे वाक्य त्याच्या कानाला कसं वाटलं असेल, हे समजायला आपल्याला फार लांब जायला नको. महाराष्ट्रात १९५६ साली लाखो माणसांनी धर्म का बदलला, हे ज्याला कळलं त्याला हेही कळेल. १९९३ साली गिलेस्पी वारला. न्यूयॉर्कच्या बहाई केंद्रातल्या सभागृहाला त्याचं नाव आहे.

सील्स आणि क्रॉफ्ट्स यांनी जोडीनं पहिली तबकडी काढली ती १९६९ मध्ये. जिमनं गिटार धरली, डॅशनं ड्रम सोडून मँडोलिन घेतलं. ड्रमवाला मँडोलिनकडे वळतो म्हणजे आवाज खाली आणतो. पुढे १९७२ मध्ये 'समर ब्रीझ' आलं, १९७३ मध्ये 'डायमंड गर्ल', १९७६ मध्ये 'गेट क्लोजर'. ही तिन्ही गाणी अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेली. १९७४ साली कॅलिफोर्नियातल्या एका प्रचंड महोत्सवात कर्कश रॉक वाजवणाऱ्यांच्या मधोमध हे दोघं मँडोलिन घेऊन बसले होते.

गाण्यांत धर्म होता का? काही गाण्यांत होता. १९७२च्या 'हमिंगबर्ड'मध्ये बहाई श्रद्धेचे संदर्भ मिसळलेले आहेत. पण ज्याला ते माहीत नाही त्याला ते एक सुंदर प्रेमगीत वाटतं, आणि तसं वाटण्यात गैर काहीच नाही. आपल्याकडच्या किती निर्गुणी भजनांचं असंच होतं! ऐकणारा जेवढी ओंजळ पुढे करील तेवढं पाणी.

आणि मग ती दुसरी मैफल. अनेक गावांत कार्यक्रम संपला की दोघं सांगत, आम्ही बहाई आहोत, त्याबद्दल बोलायचं असेल तर थोड्या वेळानं इथेच भेटू. ज्यांना जायचं ते जात. जे थांबत त्यांच्यासाठी हे दोघं रंगमंचाच्या कडेला बसत. गावातले बहाई छोट्या पुस्तिका घेऊन येत. प्रश्न विचारले जात, उत्तरं दिली जात. कधी त्यानंतर कुणाच्या घरी बसणं होई. शेकडो मैल मोटारनं प्रवास करायचा, गावातल्या दहा-वीस बहाईंना आपल्या येण्यानं बळ द्यायचं, त्यांच्या शेजाऱ्यांना त्यांची ओळख करून द्यायची, असा तो क्रम. आणि एक नियम आठवणीत ठेवण्यासारखा आहे. बहाई आपल्या धर्मकार्यासाठी इतरांकडून पैसे घेत नाहीत. तिकीट होतं ते गाण्याचं. त्यानंतरच्या बैठकीला तिकीट नव्हतं आणि झोळीही फिरत नव्हती.

मला या पद्धतीत जे आवडतं ते एवढंच की, गाणं आणि सांगणं यांच्यामध्ये एक मोकळी जागा ठेवलेली होती. त्या जागेतून माणूस उठून घरी जाऊ शकत होता. आमच्या कव्वालीत आणि तुमच्या कीर्तनात ही जागा नसते. पण तिथे येणारा माणूस काय ऐकायला येतो आहे हे त्याला घरून निघतानाच माहीत असतं. तिकीट काढून प्रेमगीत ऐकायला आलेल्या माणसाचं तसं नाही. त्याच्या कानाचा मान राखायचा तर त्याला दार दाखवावं लागतं.

हीच गोष्ट आपल्या शेजारच्या माळव्यात दुसऱ्या रीतीनं घडली. १९६१ पासून मध्य प्रदेशात शाजापूरच्या बाजूला खेड्यांतले हजारो लोक बहाई झाले. त्यातले पुष्कळ दलित. त्यांना इंग्रजी पुस्तिका काय उपयोगाच्या? तिथे बहाई भजनं झाली. हार्मोनियम, ढोलक, मंजिरा, चाली लोकांच्या ओळखीच्या आणि शब्द नवे. गाणारी मंडळी या गावातून त्या गावात जात, रात्री भजन होई आणि भजनाच्या मध्ये थोडं सांगणं. हा तोच माळवा, जिथे देवासला राहून कुमार गंधर्वांनी लोकगीतं टिपली आणि फिरत्या जोग्यांकडून कबीर ऐकला. तिथल्या माणसाला रात्री भजनाला बसायला कोणी शिकवावं लागत नाही. बहाई सांगणारे शहरातून आले, पण त्यांना खेड्याच्या हमनव्यांशिवाय एक पाऊल पुढे टाकता आलं नाही. धर्म कुठूनही येवो, चाल इथलीच लागते. शेख महंमद बाबांनी श्रीगोंद्याला बसून अभंगच लिहिले, ते याच कारणानं.

आता या गोष्टीचा अवघड भाग. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा हक्क मान्य करणारा निकाल दिला. देश दोन बाजूंना वाटला गेला. पुढच्याच वर्षी सील्स आणि क्रॉफ्ट्स यांनी 'अनबॉर्न चाइल्ड' नावाची तबकडी काढली. तिच्या मुख्य गाण्याचे शब्द त्यांच्या ध्वनिमुद्रकाच्या पत्नीनं लिहिलेले होते. गर्भातल्या बाळाच्या बाजूनं आईला केलेली ती विनवणी होती. रेकॉर्ड कंपनीनं आधीच सावध केलं होतं, पण दोघं ठाम राहिले. परिणाम व्हायचा तो झाला. कित्येक रेडिओ केंद्रांनी गाणं लावायचं नाकारलं. कार्यक्रमांच्या बाहेर निदर्शनं झाली. दुसरीकडे आभार मानणारी पत्रंही आली. काही वर्षांनी, १९७८ मध्ये, जिम सील्सनं एका मुलाखतीत सांगितलं की, एका बाजूनं गुलाब येत होते आणि दुसऱ्या बाजूनं दगड. हा विषय समाजात इतका पेटलेला आहे याची आपल्याला कल्पना नव्हती, त्यानं माणसांत एवढी फूट पडेल हे ठाऊक असतं तर पुन्हा विचार केला असता, बाकी जे सांगायचं होतं ते सगळं त्याखाली झाकलं गेलं, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

मी इथे गर्भपाताच्या प्रश्नावर निवाडा देत नाही. अमेरिकेतही तो प्रश्न अजून धुमसतो आहे. १९७३चा तो निकाल २०२२ मध्ये त्याच न्यायालयानं फिरवला. मला जे दिसतं ते गाण्याच्या बाजूनं दिसतं. त्या गाण्यात आधीची मोकळी जागा उरली नव्हती. ज्या बाईनं तो निर्णय घेतला होता, ज्या परिस्थितीत घेतला होता, तिला ते गाणं ऐकताना उठून जायला दार नव्हतं. तिच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ते अचानक लागणार होतं. जे सांगणं गाण्यानंतरच्या बैठकीत, प्रश्नोत्तरांत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत झालं असतं, ते तबकडीवर चढलं आणि एकतर्फी झालं. ज्या धर्मानं मंदिरात प्रवचनाला मनाई केली, त्याच धर्माच्या गायकांचं गाणं प्रवचन झालं. दोघांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. उलट, त्यांनी नुकसान दिसत असूनही विश्वासाप्रमाणे गायलं, हे धाडसच. पण धाडसी गाणं आणि ऐकणाऱ्याला जागा देणारं गाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कवी म्हणून मला हा फरक रोज सोसावा लागतो. दंगलीनंतर लिहिलेली कविता व्यासपीठावर टाळ्या घेते. तीच कविता ज्याचं घर जळलं त्याच्या ओसरीवर वाचता येते का, ही तिची खरी परीक्षा.

त्यानंतरही 'गेट क्लोजर'सारखं यश आलं, पण १९८० मध्ये कंपनीशी असलेला करार संपला आणि जोडी थांबली. जिम सील्स कोस्टा रिकाला गेला आणि त्यानं कॉफीची शेती केली. बहाईंमध्ये असं दुसऱ्या देशात जाऊन साधेपणानं राहण्याची परंपरा आहे. जाऊन राहायचं, कष्ट करायचे, शेजाऱ्यांशी ओळख करायची. १९९१-९२च्या सुमारास दोघं पुन्हा काही कार्यक्रमांसाठी एकत्र आले आणि २००४ मध्ये त्यांनी शेवटची तबकडी काढली. जिमचा धाकटा भाऊ डॅन, तोही गायक आणि तोही बहाई, २००९ साली गेला. त्याआधी दोघा भावांनी एकत्र दौरे केले. जिम ६ जून २०२२ रोजी वारला.

याच काळात त्यांच्या धर्माच्या मूळ गावी काय चाललं होतं? १९७९च्या क्रांतीनंतर इराणमध्ये दोनशेहून अधिक बहाई मारले गेले. १८ जून १९८३ रोजी, जिथून हा धर्म सुरू झाला त्याच शिराजमध्ये, दहा बहाई स्त्रियांना फासावर चढवलं. सर्वांत धाकटी मोना महमूदनिजाद. वय सतरा. तिचा 'गुन्हा' असा की ती लहान मुलांना धर्माचे धडे शिकवायची. दोन वर्षांनी डग कॅमेरॉन या कॅनेडियन गायकानं तिच्यावर गाणं केलं आणि ते त्याच्या देशातल्या लोकप्रिय गाण्यांत गेलं. ज्या इराणमध्ये स्त्रीनं पुरुषांसमोर एकटीनं गाण्यावर बंदी आली, तिथल्या एका मुलीचं नाव परक्या देशातल्या मोटारींच्या रेडिओवर वाजू लागलं.

हे गाणं आणि 'अनबॉर्न चाइल्ड' यांत फरक काय? दोन्हींमागे श्रद्धा आहे. दोन्हींत कुणाचा तरी जीव आहे. पण मोनाचं गाणं ऐकणाऱ्याला अपराधी ठरवत नाही. ते त्याला साक्षीला बोलावतं. मला, एका मुसलमानाला, ते गाणं माझा विश्वास सोडायला सांगत नाही. ते एवढंच विचारतं की, तुझ्या विश्वासाच्या नावानं हे झालं, हे तुला चालतं का? याचं उत्तर देताना मला कुठलाही ग्रंथ उघडावा लागत नाही. नाही चालत.

म्हणून मला वाटतं, गाणाऱ्या दोन मित्रांच्या प्रवासाचा हिशेब किती माणसं त्यांच्या धर्मात आली यावर करू नये. तो हिशेब त्यांच्या संस्थांनी ठेवावा. आपण ऐकणाऱ्यांनी एवढं पाहावं की, ते गावातून गेल्यावर गावातल्या माणसांचं एकमेकांशी बोलणं वाढलं की कमी झालं. नानक आणि मरदाना गेले तिथे बोलणं वाढलं. सील्स आणि क्रॉफ्ट्स रंगमंचाच्या कडेला बसले तेव्हा वाढलं. तबकडीवरून बोलले तेव्हा थांबलं. एकाच जोडीच्या एकाच आयुष्यात दोन्ही घडलं, म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटली.

आता गाणं फोनवर येतं, एकेकट्याच्या कानात वाजतं आणि संपलं की लगेच दुसरं सुरू होतं. गाणं संपल्यावरची ती रिकामी पाच मिनिटं, जेव्हा सतरंजीवरचे लोक अजून उठलेले नसतात, पेटीवाला भाता बंद करत असतो आणि कोणीतरी हळूच काहीतरी विचारतो, ती पाच मिनिटं कमी होत चालली आहेत. श्रद्धा कुठलीही असो, माणसं जोडली जातात ती त्या पाच मिनिटांत. पुढच्या वेळी गाण्याला गेलात तर लगेच उठू नका. शेजारी कोण बसलं आहे ते बघा, आणि गाणं कसं वाटलं ते त्याला विचारा.